धुतलेली बाटली

आमच्या घरमालकांकडे गेल्या श्रावणात एक बाटली आली. फ्रान्समधली, लाल वाइनची, माझ्या जन्माच्याही आधी भरलेली. त्या बाटलीमुळे मला नोकरी लागेल असं माझ्या वडिलांना, मालकांना आणि काही दिवस मलासुद्धा वाटत होतं. म्हणून हे लिहिते आहे. मी त्या विषयातली जाणकार नाही. ज्यातलं आपल्याला नीट कळत नाही त्याला नावं ठेवू नयेत, असं शाळेत शिकवलं होतं आणि ते मला पटतंही. पण त्या बाटलीचा मी अभ्यास केला आहे. एखाद्या पेपरचा करावा तसा, रात्रंदिवस केला आहे. तेव्हा थोडी नावं ठेवायचा हक्क मला असावा.

आम्ही चाकणजवळच्या एका गावात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहतो. वडील लातूरकडून इकडे आले ते एका कंपनीत प्रेस मशीनवर ऑपरेटर म्हणून. आई एकट्या राहणाऱ्या कामगारांचे डबे करते. मालक इथले जुने. त्यांच्या शेतांवर आता मोठमोठ्या शेड आहेत, शेडमध्ये कंपन्या आहेत, आणि उरलेल्या तुकड्यावर आमच्यासारख्यांच्या खोल्यांची रांग आहे. रांगेच्या पुढे त्यांचा बंगला. समोरून सगळी काच. गावात येणारा नवीन माणूस त्याला बँक समजतो.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. पुण्यात एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे, विषय फ्रेंच. फ्रेंच का घेतलं असं मुलाखतीत विचारतात, तेव्हा त्या भाषेच्या सौंदर्याबद्दल दोन वाक्यं मी पाठ केली आहेत. खरं कारण असं की परदेशी भाषा येणाऱ्याला आमच्या भागातल्या कंपन्यांत काम मिळतं असं बारावीत कोणीतरी सांगितलं होतं, आणि जर्मनच्या वर्गातल्या जागा भरल्या होत्या.

श्रावणातल्या एका संध्याकाळी मालक आमच्या दारात आले. एरवी ते खोल्यांकडे फिरकत नाहीत, काही निरोप असला तर वॉचमनला पाठवतात. आईने घाईघाईने खुर्ची पुसली, पण ते बसले नाहीत. मी फ्रेंच शिकते हे त्यांच्या कानावर आलं होतं.

"एक बाटली हाय," ते म्हणाले. "तिच्यावर काय लिवलंय ते जरा वाचून दे. पोरगं म्हणतं लई भारी हाय. पण त्यो सांगतो ते समदं इंग्रजीत."

बंगल्याच्या हॉलमध्ये काचेच्या दाराचं एक छोटं फ्रीज होतं. आत निळा दिवा आणि आडव्या निजवलेल्या बाटल्या. बाकीच्या नाशिककडच्या होत्या, ही एकच बाहेरची. मालकांच्या मुलाने ती परदेशातल्या ओळखीतून मिळवली होती. किंमत मला त्याच दिवशी कळली, पण ती मी इथे लिहिणार नाही. किंमत सांगितली की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर भक्तिभाव येतो, आणि तो मला नकोसा झाला आहे.

मुलाने बाटली दोन्ही हातांनी बाहेर काढली, दवाखान्यातून नुकतंच आणलेलं बाळ उचलावं तशी. लेबल पिवळं पडलं होतं आणि एका कोपऱ्यावर काळी बुरशी चढली होती. मी नकळत बोट पुढे केलं तर तो जवळजवळ ओरडलाच. ती बुरशी म्हणजेच खरेपणाची खूण, तो म्हणाला. बाटली जुन्या तळघरात वर्षानुवर्षं पडून होती हे त्यावरून कळतं, तिला कधीही पुसायचं नसतं. स्वयंपाकघराच्या दारात मालकीणबाई उभ्या होत्या. आम्ही सगळे भाडेकरू त्यांना काकू म्हणतो. त्यांनी बुरशीकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं आणि आत गेल्या.

मी लेबल वाचलं. मळ्याचं नाव, गावाचं नाव, साल, आणि बाटली तिथेच मळ्यात भरली आहे अशी एक ओळ. एवढंच होतं.

"बास?" मालक म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला. मला त्या क्षणी ते फार बरे वाटले.

मग मुलाने खरी गोष्ट सांगितली. या वाइनला शंभरपैकी नव्व्याण्णव मार्क आहेत. जगात काही माणसं अशी आहेत की ती घोट घेतात, थुंकतात आणि मार्क देतात, आणि त्या मार्कांवर सगळा बाजार हलतो. मालकांनी थोडा विचार केला आणि विचारलं, मग एक मार्क कशासाठी कापला? त्याचं उत्तर मुलाकडे नव्हतं. पुढे मी पुष्कळ वाचलं, पण ते मलाही कुठे सापडलं नाही.

मार्कांबद्दल मला थोडं बोललं पाहिजे. आमच्या घरात मार्क ही फार मोठी गोष्ट आहे. माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा वडिलांनी रांगेतल्या प्रत्येक खोलीत पेढे दिले होते आणि प्रत्येक दारात टक्के पुन्हा सांगितले होते, पॉइंटनंतरच्या आकड्यांसकट. मी त्या मार्कांच्या जोरावर इथवर आले. म्हणून एका पातळ पदार्थाला, तेही बहुतेकांनी न चाखलेल्या, नव्व्याण्णव मार्क आहेत हे ऐकून सगळे गप्प होतात, तेव्हा मी चिरडीला येते. ती परीक्षा कोणी घेतली, पेपर काय होता, नापास कोण झालं, हे कोणी विचारत नाही. त्या बाटलीने काय केलं होतं? त्या वर्षी तिकडे ऊन चांगलं पडलं होतं आणि नंतर ती अंधारात आडवी पडून राहिली होती.

मालकांचा बेत साधा होता. त्यांच्या सगळ्यात मोठ्या शेडमध्ये एक फ्रेंच कंपनी आहे. तिथले मोठे साहेब मराठीच, पण फ्रान्समध्ये बरीच वर्षं राहून आलेले आणि वाइनचे वेडे. शेडचा करार संपत आला होता आणि तो साहेबांनी पुढे चालू ठेवावा ही मालकांची गरज. साहेबांना जेवायला बोलवायचं, बाटली उघडायची, आणि तिची सगळी माहिती मी त्यांना फ्रेंचमधून सांगायची. बदल्यात मालक माझ्यासाठी शब्द टाकणार होते. कंपनीला मशीनची कागदपत्रं फ्रेंचमधून इंग्रजी-मराठीत करायला एक ट्रेनी हवा होता, जागा एकच होती. साहेब खूश झाले की तुझं काम झालंच समज, मालक पुन्हा आमच्या खोलीवर येऊन म्हणाले. वडील तेव्हा दारातच बूट काढत होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या फर्स्ट शिफ्टच्या अख्ख्या लाइनला माहीत झालं की माझं फ्रेंच कंपनीत होणार आहे.

पण जेवायला बोलवायचं म्हणजे मटण, आणि श्रावण चालू होता. श्रावण संपला तर गणपती आले. गणपती गेले तर पितृपंधरवडा लागला, त्यात कोणी नव्या कामाला हात लावत नाही. मग नवरात्र. मुलगा तडफडत होता. मालक शांत होते. तीस वर्षं कोणी उघडली न्हाई, अजून थोडं थांबली तर काय मरत न्हाई, असं ते म्हणाले. दसऱ्यानंतरचा रविवार ठरला.

तेवढा वेळ मला अभ्यासाला मिळाला. कॉलेजातल्या मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून खिडकीबाहेर पाहिलं. त्यांनी तरुणपणी फ्रान्समध्ये असताना अशी एक वाइन एकदा चाखली होती म्हणे, आणि ती चव अजून जिभेवर आहे. कशी होती ती, मी वहीत लिहून घ्यायच्या तयारीने विचारलं. "ते सांगता येत नाही गं," त्या म्हणाल्या. एरवी याच मॅडम निबंधात एका अक्षरावरचं चिन्ह राहिलं तर अर्धा मार्क कापतात. त्यांनी मला काही लेख दिले आणि मी बसमध्ये, भोसरीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली असताना, शब्दकोश मांडीवर घेऊन ते वाचून काढले.

त्या लेखांतली फ्रेंच भाषा सुंदर आहे, हे मी मान्य करते. आणि तीच मला सगळ्यात जास्त खटकते. इतकी चांगली वाक्यं, आणि ती कशासाठी खर्च केलेली? एका लेखकाला त्या बाटलीत पेन्सिलीचा भुसा सापडला होता. लहानपणी मी पेन्सिल चावायचे म्हणून आईने मला चांगलाच धपाटा घातला होता. इथे मोठी माणसं त्याच चवीसाठी रांगेत उभी आहेत. दुसऱ्याला चामड्याचं खोगीर लागलं, तिसऱ्याला पावसानंतरचं जंगल, सिगारची लाकडी पेटी, ओला दगड. द्राक्ष कोणालाच लागलं नव्हतं. एका फार नावाजलेल्या लेखात शेवटी, कौतुकाची परिसीमा म्हणून, गोठ्याचा वास आहे असं लिहिलं होतं. मी तो शब्द शब्दकोशात दोनदा पाहिला. गोठाच होता.

मालकांचा गोठा मी पाहिलेला आहे. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा बंगल्याच्या मागे चार म्हशी होत्या. हॉलमध्ये वास येतो, पाहुण्यांपुढे बरं दिसत नाही, म्हणून मुलाने तो पाडायला लावला. त्या दिवशी काकू बराच वेळ मागच्या पायरीवर बसून होत्या. आणि आता त्याच हॉलमध्ये फ्रान्सच्या कुठल्या तरी गोठ्याचा वास काचेच्या फ्रीजमध्ये जपून ठेवला होता. हे मी कोणाला बोलले नाही. मला नोकरी हवी होती.

आणखी एक शब्द त्या लेखांत सारखा येत होता, तेरुआर. म्हणजे ज्या मातीत द्राक्ष वाढलं त्या मातीची चव पेल्यात उतरते. त्या मातीचा वीतभर तुकडासुद्धा तिथले लोक विकत नाहीत, असं लिहिलं होतं. मालकांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली. "बराबर हाय. आमच्या वरच्या वावरातला कांदा खाल्ला की कळायचं, आपलाय." वरच्या वावरात आता सिमेंटच्या जमिनीवर हिरवा रंग दिलेला आहे आणि त्यावर फोर्कलिफ्ट फिरतात. ते हे सहज बोलून गेले. मी वहीत तेरुआरच्या पुढे अर्थ लिहिला आणि पान उलटलं.

घट बसायच्या आधी आमच्या गावात घरं धुवून काढतात. भिंती, भांडी, गोधड्या, डबे, बरण्या, सगळं. पाण्याचे टँकर त्या आठवड्यात मिळत नाहीत. आई तर डब्यांची झाकणंसुद्धा वेगळी घासते. बंगल्यावरही तेच चालू होतं, गच्चीवर गोधड्या पडलेल्या खालून दिसत होत्या. मुलगा तेव्हा कामासाठी मुंबईला होता, तो परतला थेट जेवणाच्या रविवारी.

रविवारी मी ठरल्याप्रमाणे लवकर गेले. हातात भाषणाचा कागद होता आणि अंगावर आईने इस्त्री केलेला ड्रेस. आतून मटणाचा वास येत होता. मुलाने फ्रीज उघडलं आणि तो तसाच वाकलेला राहिला. मग त्याने एक बाटली काढून टेबलावर ठेवली. लख्ख हिरवी काच, कपाळावर हळदकुंकवाचं बोट, बाकी काही नाही. लेबल नव्हतं.

काकूंना विचारायची गरजच पडली नाही. त्याच म्हणाल्या, "बुरशी धरली व्हती तिला. देव बसायच्या घरात बुरशी ठेवू का?" त्यांनी लोणच्याच्या बरण्यांबरोबर सगळ्या बाटल्या साबणाच्या पाण्यात भिजवल्या होत्या. बाकीच्यांचे कागद टिकले. हिचा जुना कागद पाण्यात लगदा होऊन गेला. मग सगळं गच्चीवर, दुपारभर उन्हात.

"उन्हात?" मुलगा एवढंच म्हणाला.

"मंग वाळणार कशानं?"

त्याला आणखी बोलायचं होतं, पण तेवढ्यात गेटवर साहेबांची गाडी आली. ऊन लागलेली वाइन बिघडते, उन्हाचं कोणी बोलायचं नाही, असं त्याने आम्हा सगळ्यांना दबक्या आवाजात बजावलं. मालक चपला घालून बाहेर पळाले.

साहेबांनी स्वतःचे पेले बरोबर आणले होते, फोमच्या पेटीत बसवलेले. इतका मोठा पेला की त्यात आमच्या घरचं वरण मावेल. त्यांनी मला फ्रेंचमध्ये विचारलं, कुठे शिकतेस. मी उत्तर दिलं. उच्चार ठीक आहेत, ते म्हणाले. मग त्यांची नजर बाटलीवर गेली.

लेबल प्रवासात खराब झालं, मुलगा म्हणाला. साहेब हसले. बाटली उचलून त्यांनी उजेडात धरली, फिरवली, खाली ठेवली. आजकाल या धंद्यात फार फसवणूक आहे, ते मालकांना समजुतीच्या सुरात सांगू लागले, कागद नसला की काहीच सांगता येत नाही. मालकांनी मुलाकडे पाहिलं. मुलाने बूच काढलं तर ते जुनं झाल्याने अर्ध्यात तुटलं. त्याने दोन्ही तुकडे बशीत टाकले आणि वाइन बदकाच्या मानेच्या एका काचेच्या सुरईत ओतली.

साहेबांनी पेल्यात नाक घातलं. मग घोट घेतला, तोंडात खळखळवला, गिळला. माझ्या हातातल्या कागदावर खोगीर, जंगल, पेटी सगळं ओळीने होतं. मी वाट पाहत होते. साहेबांच्या चेहऱ्यावर काहीच येत नव्हतं. त्यांनी पुन्हा एकदा बाटलीकडे, जिथे लेबल असायला हवं होतं तिथे, पाहिलं.

"मालक, वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले. "साधीच आहे. जुनी आहे, पण साधी. थोडी आंबलीय."

मग ते माझ्याकडे वळले. वाइनवर बोलणाऱ्याने ती चाखलेली हवी, असं म्हणून त्यांनी माझ्यासाठी तळाला थोडी ओतली. आई असती तर तिने मला तिथून ओढून नेलं असतं. मी काकूंकडे पाहिलं, त्या दुसरीकडे बघत होत्या. मी घोट घेतला. कसं लागलं विचारल्यावर मला कागदावरचं काही आठवलं नाही. जांभूळ कच्चं असलं की जीभ ओढते तसं, मी म्हणाले. साहेब मोठ्याने हसले आणि म्हणाले, बघा, हिलासुद्धा कळलं.

मालकांचा चेहरा काळवंडला. काकू त्याच वेळी भाकऱ्यांची टोपली घेऊन बाहेर आल्या होत्या.

"समदा इस्कोट केला हिनं," मालक साहेबांसमोरच म्हणाले. "कशाला काय किंमत हाय, हिला आयुष्यात कळलं न्हाई."

मुलगा म्हणाला, "आई, तुला कोणी हात लावायला सांगितला होता?"

 टोपली टेबलावर ठेवायची की परत न्यायची, हे काकूंना ठरवता येत नव्हतं.

बशी माझ्यासमोरच होती. बुचाच्या तुकड्यांवर डाग असावेत असं मला आधी वाटलं. मी ते जवळ घेऊन जोडले. डागून उमटवलेली अक्षरं होती. मळ्याचं नाव आणि साल, श्रावणात मी लेबलावर वाचलं होतं तेच. म्हणजे बाटली खरी होती. काकूंनी कागद घालवला होता, वाइन तीच होती.

 नोकरी त्या माणसाच्या हातात होती आणि तो चुकला आहे हे मला त्याच्या तोंडावर, त्याच्याच विषयात सांगायचं होतं. वडिलांची सगळी लाइन डोळ्यांसमोर आली. पण काकू टोपली घेऊन उभ्याच होत्या.

"साहेब," मी म्हणाले, "बुचावर नाव आहे."

फ्रेंचमध्ये म्हणायला हवं होतं, पण तोंडातून मराठीच आलं. साहेबांनी चष्मा लावला. तुकडे घेतले, वाचले, उलटे करून पुन्हा वाचले.  मला वाटलं, संपलं.

साहेबांनी बूच खाली ठेवलं. "हवा लागायला हवी होती हिला," ते हळूच म्हणाले. "माझीच घाई झाली." त्यांनी पेला पुन्हा भरून घेतला, गोल फिरवला, डोळे मिटले. या खेपेला चेहऱ्यावर सगळं आलं. आता बघा चव कशी उघडली, ते म्हणाले. मग चामडं आलं, तंबाखू आली, पावसानंतरचं जंगल आलं. माझ्या कागदावरचा जवळजवळ प्रत्येक शब्द ते न बघता बोलले, बहुतेक त्याच क्रमाने. मध्ये पाचसात मिनिटं गेली असतील. सुरई तीच, बाटली तीच, गच्चीवरच्या गोधड्यांशेजारी दुपारभर तापलेली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच सगळं लागत होतं, नाव वाचल्यावर. खोटं बोलले असते तर मला त्यांची इतकी कीव आली नसती.

"आणि हा मागून येतोय," साहेब डोळे न उघडता म्हणाले, "गोठ्याचा वास. वा."

मालकांनीही पेल्यात नाक घातलं.

"गोठा तर पाडला," काकू म्हणाल्या.

मालकांनी हाताने त्यांना गप्प केलं. मग सगळे जेवायला बसले. मी माझं फ्रेंच भाषण म्हटलं, साहेबांनी दोनदा मान हलवली आणि सोमवारी ऑफिसला ये म्हणाले. इस्कोटाचं पुन्हा कोणी बोललं नाही, आणि आमचं चुकलं असं काकूंना कोणी म्हटलंही नाही. जेवणानंतर त्या पेले धुवायला घेऊ लागल्या तेव्हा साहेब स्वतः उठून बेसिनपाशी उभे राहिले, साबण लावू नका, असं सांगायला.

सोमवारी मी गेले. साहेब भेटले नाहीत. एका मॅडमनी मला आणि आणखी काही मुलामुलींना एका खोलीत बसवलं आणि समोर एक पान ठेवलं. प्रेस मशीनच्या देखभालीचं पान होतं. कुठला बोल्ट कधी आवळायचा, तेल कुठून गळतं, साचा बदलताना कुठलं बटण बंद करायचं. मी पहिली ओळ वाचली आणि तिथेच अडकले. मला फ्रेंचमध्ये मखमलीसाठी तीन शब्द येत होते. बोल्टसाठी एकही येत नव्हता. श्रावणापासून दसऱ्यापर्यंत मी जे पाठ केलं होतं त्यातलं एक अक्षर त्या पानावर नव्हतं. कॉलेजातल्या मॅडमनी दिलेल्या लेखांऐवजी कोणी मला एखादं मशीनचं मॅन्युअल दिलं असतं तर, असं मनात आलं, पण मी तरी ते कुठे मागितलं होतं. सगळ्यांना बाटलीच महत्त्वाची वाटत होती आणि मीही सगळ्यांचं ऐकलं.

बाहेर पडताना कॉरिडॉरमध्ये साहेब दिसले. बरोबरच्या माणसाला ते म्हणाले, हिनेच ते बूच वाचलं बरं का. त्या माणसाने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं आणि दोघे लिफ्टमध्ये शिरले.

माझी निवड झाली नाही. तळेगावच्या एका मुलाला घेतलं. वडिलांनी ऐकून घेतलं आणि टॉवेल घेऊन बाहेर गेले. शिफ्टमध्ये ते अजून निकाल लागायचाय असंच सांगतात, हे मला त्यांच्या एका मित्राकडून कळलं.

दिवाळीनंतर गेटपाशी मालक भेटले. शेडचा करार झाला होता, ते खुशीत होते. साहेबांचा फोन आला होता म्हणे. पोरगी हुशार आहे पण टेक्निकलला कच्ची आहे, असं साहेब म्हणाले. उन्हाळ्यात पुन्हा एक जागा निघणार आहे. मालकांनी त्यावरही उपाय काढला होता, साहेबांना परत जेवायला बोलवायचं.

"नको, मालक," मी म्हणाले. "या वेळी मी परीक्षेचाच अभ्यास करते."

 त्यांनी बंगल्याकडे एकदा वळून बघितलं आणि आवाज खाली आणला.

"खरं सांग. आवडली का तुला ती?"

"नाही."

"मला बी न्हाई," ते म्हणाले. "नुसतं तोंड तुरट."

मला हसू आलं, तेही हसले. मला वाटलं, हा माणूस आता यातून सुटला. मग ते म्हणाले, "आता दुसरी सांगितलीय. साहेबांनीच नाव दिलं. हिला शंभरात शंभर हायेत." बोलताना त्यांची छाती भरून आली होती. माझे टक्के सांगत दारोदार फिरताना वडिलांच्या चेहऱ्यावरही इतका अभिमान नव्हता. काकूंना या वेळी आधीच दम देऊन ठेवला होता आणि फ्रीजला कुलूप बसवून घेतलं होतं. "पुढल्या महिन्यात यील. तेवढी वाचून दाखवायला येशील न्हव?"

मी बॅगेचा पट्टा सारखा करत राहिले. खोल्या त्यांच्या आहेत, हे मला ठाऊक होतं.

"दुसरं कोणी बघा, मालक," मी म्हणाले.

ते वळून आत गेले. घरी आल्यावर मी आईला सांगितलं. ती डबे भरत होती. असं तोडून कशाला बोललीस, ती म्हणाली, मालक आहेत, वाचून दिलं असतंस तर काय झिजलं असतं.  मी पोळ्या मोजून डब्यात भरायला लागले, आणि तिने माझ्यामागून प्रत्येक डबा उघडून पुन्हा मोजला.